रोज योगा करून खरंच काय फरक पडतो? पाठ, झोप आणि डोकं तिन्हीची बोंब आहे

वजनकाटा (सांगली)

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस नुसता वाचत असतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, काय चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ४४. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघतो. सौदे झाले की पट्ट्या (म्हणजे मालाच्या हिशेबाच्या पावत्या) करायच्या, हमाली तोलाई वजा करायची, कॉम्प्युटरवर टॅलीत मारायचं आणि शेतकरी व्यापारी दोघांचं ऐकून घ्यायचं. सीझनला सकाळी नऊला खुर्चीत बसलो की उठणं फक्त चहाला. गेली दोन वर्षं कंबर धरतीय. आधी संध्याकाळी धरायची, आता सकाळी दात घासायला वाकलो तरी चमक येते. खुर्चीला पाठीमागं उशी लावलीय, ती सारखी खाली घसरते आणि मी सारखी वर ओढतो, हा एक उद्योगच झालाय. रात्री अकराला झोपलो की तीनला टक्क जाग, मग अमक्याची पट्टी चुकली का, तमक्याचं पेमेंट आलं का हेच डोक्यात फिरत राहतं. दिवाळीनंतर बीपी तपासलं तर १३८/८८ निघालं. डॉक्टर म्हणाले गोळी लगेच नको, मीठ कमी करा, चाला, तीन महिन्यांनी दाखवा.

आता गंमत बघा. आमचे शेठ ७४ वर्षांचे. ते अजून जुन्या पद्धतीनं गादीवर मांडी घालून बसतात, आणि फोन वाजला की हात न टेकता उभे राहतात. मी त्यांच्यापेक्षा तीस वर्षांनी लहान आणि मला खुर्चीतनं उठायला टेबल धराय लागतंय. हे एकदा बायकोनं बघितलं आणि दुसऱ्या दिवशी माझं नाव घराजवळच्या योगा क्लासात घालून आली.

तर तीन आठवडे झाले. पहाटे पावणेसहाला जातोय. पश्चिमोत्तानासनात (पाय पसरून बसून पुढं वाकायचं) माझी बोटं गुडघ्याच्या चार बोटं खाली जातात आणि तिथंच थांबतात, शेजारच्या आजी मात्र पायाचे अंगठे धरून निवांत. वजन तीनशे ग्रॅम कमी झालंय, ते पण काट्याची चूक असेल (काट्यावरच आयुष्य गेलंय, मला माहितीय). क्लासचे सर म्हणतात शुगर बीपी थायरॉईड सगळं जाईल, आणि जाता जाता चूर्णाची डबी पण पुढं करतात, तिथं माझा विश्वास जरा डळमळला.

माझा प्रश्न सरळ आहे. रोज करणाऱ्यांनी प्रामाणिकपणे सांगा, शरीराला काय मिळतं, डोक्याला काय मिळतं आणि किती दिवसांनी? का नुसतं चालायला जाऊ? सहाशे रुपये महिना आहे, पैशाचं काय नाही एवढं, पण पहाटेची झोप जातीय त्याचं दुःख आहे.

दुखतंय कुठं (मिरज)

दादा, मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज तुमच्यासारखे सात-आठ जण बघते, त्यामुळे जरा लांबण लावते.

आधी एक विचारते. कंबरेतनं पायात कळ जाते का? मुंग्या, बधिरपणा, चप्पल पायातनं निसटणं, लघवीवरचा ताबा कमी होणं, यातलं काही असेल तर योगा, चालणं, तेल सगळं बाजूला ठेवा आणि आधी हाडांच्या डॉक्टरांना गाठा. नसेल तर पुढं वाचा.

दिवसभर खुर्चीत बसलं की खुब्याच्या पुढचे स्नायू आखडतात, मांडीमागच्या शिरा म्हणजे तुम्ही ज्याला शिरा म्हणता ते स्नायू आखडतात, आणि पोटाचे व पाठीचे खोलवरचे स्नायू कामच नसल्यानं आळशी होतात. मग दात घासायला वाकताना जे काम खुब्यानं करायचं ते बिचारी कंबर करते. आसनांनी हेच हळूहळू उलटं फिरतं. त्यात चमत्कार काही नाही. जुन्या कंबरदुखीला, म्हणजे तीन महिन्यांच्या वर चाललेल्या दुखण्याला, गोळ्यांच्या आधी व्यायाम, योगा असे उपाय करून बघा असं अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेनं २०१७ च्या मार्गदर्शनात सांगितलंय. पण फरक किती? मध्यम. दुखणं कमी होतं, कामं सोपी होतात, कंबर नवीन मिळत नाही. आणि अभ्यास बहुतेक बारा आठवड्यांच्या आसपासचे असतात, तुमचे तीन झालेत.

तुमची बोटं गुडघ्याखाली अडकतात त्याचं एक गुपित सांगते. पहिल्या काही आठवड्यांत स्नायू लांब वगैरे होत नसतो. मेंदूनं एक रेघ मारलेली असते, इथपर्यंत ताण चालेल, याच्या पुढं धोका. रोज तिथपर्यंत जाऊन, श्वास न कोंडता थांबून परत आलात की मेंदू ती रेघ जरा पुढं सरकवतो. झटके देऊन, शेजारच्या आजींकडं बघत ओढाताण केलीत की मेंदू घाबरतो आणि रेघ मागं घेतो. म्हणून आजींकडं बघायचं नाही.

आणि खरं सांगू, तुमच्या कंबरेला आत्ता पश्चिमोत्तानाची घाई नाहीच. पाय सरळ ठेवून पुढं वाकताना मणक्यांमधल्या गादीवर दाब येतो, ज्यांची गादी सरकलीय त्यांना तर हे मी बंदच करायला लावते. त्यापेक्षा हे करा, मार्जारासन, भुजंगासन पण कोपर टेकवून, सेतुबंध, शलभासनात एकेक पाय उचलणं, आणि पाठीवर झोपून एक पाय वर करून तळव्याला ओढणी अडकवून हलका ताण. वहिनींची जुनी ओढणी चालते. पुण्यात अय्यंगार गुरुजींनी तर पट्टे, विटा, खुर्च्या, दोर लावूनच कितीतरी कडक झालेल्या शरीरांकडून आसनं करून घेतली, त्यात कमीपणा नाही.

वजनाचं विसरा. तासभर साधी आसनं केली तर एक वडापाव भरून निघणं अवघड. बीपी थोड्या पॉइंटनी उतरू शकतं, पण तीन महिन्यांची तारीख चुकवू नका, आणि डॉक्टरांनी गोळी दिली तर क्लासच्या सरांना विचारून बंद करू नका. चूर्णाबद्दल मी काय बोलणार, तुम्ही हुशार आहात.

भडंग

फिजिओ ताईंनी सगळं सांगितलंय, मी फक्त माझी फजिती सांगतो म्हणजे दुसऱ्या कुणाची होणार नाही. चार वर्षांपूर्वी एका क्लासात (नाव घेत नाही, सर आता गावातच भेटतात) दहाव्या दिवशी मला भिंतीला लावून शीर्षासन घातलं. सर पाय धरून उभे, मी खाली लाल टोमॅटो. उतरताना मान अशी काही फिरली की दीड महिना पट्टा. शर्ट घालताना पण बायकोला हाक मारायला लागायची. वर नंतर डोळ्याच्या डॉक्टरांकडं चष्म्याचा नंबर तपासायला गेलो तर डोळ्यातला दाब जास्त निघाला, काचबिंदूची सुरुवात. ते म्हणाले डोकं खाली पाय वर हे तुम्हाला वर्ज्य, त्यानं दाब अजून वाढतो. कुणी विचारलंच नव्हतं आधी! बीपी चढं असणाऱ्यांनी पण शीर्षासन, सर्वांगासन आणि ते जोरजोरात कपालभाती भस्त्रिका लांबच ठेवायचं. हर्नियावाल्यांनी पण. आता मी साधीच आसनं करतो आणि शवासन मन लावून करतो. शवासनात माझा हात कुणी धरू शकत नाही.

यवतेश्वर घाट (सातारा)

स्पष्ट बोलतो, राग नसावा. योगा चांगला आहे पण त्याला सगळ्या आजारांवरचा उतारा करून ठेवलाय लोकांनी. हृदयाला आणि फुप्फुसाला दम लागणारा व्यायाम लागतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे असा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. संथ आसनं करताना गाणं काय, अख्खं कीर्तन करता येतं. तुम्ही कृष्णाकाठानं रोज तीस मिनिटं झपझप चाला, बीपीसाठी ते आधी.

आता दुसरी बाजू पण सांगतो नाहीतर औंधकर काका मला सोडणार नाहीत. मी घाटात पळणारा माणूस, हिल मॅरेथॉनचे २१ किमी चार वेळा केलेत. तिसऱ्या वर्षी यवतेश्वरची चढण संपायच्या आत डावी पोटरी अशी धरली की रस्त्याच्या कडेला बसून लोकांचे पाय मोजत होतो. तेव्हापासून पळून आल्यावर वीस मिनिटं आसनं करतो, अधोमुख श्वान, वीरभद्र, सुप्त पादांगुष्ठ. पोटरी गेल्या दोन वर्षांत धरली नाही. आसनांमुळं का बूट बदलल्यामुळं ते देव जाणे, पण आता सोडायची हिंमत होत नाही. एक मात्र नक्की कळलं, एका पायावर उभं राहायची आसनं केल्यापासून उतारावर खडीत पाय पडला तरी घोटा वळत नाही, तोल लगेच सापडतो. आमच्या आईला पण आता धरून रोज वृक्षासन करायला लावतो, ओट्याला एक हात लावून. म्हाताऱ्या माणसाला पडण्याचीच भीती जास्त असती.

वजनकाटा (सांगली)

ताई, पायात कळ वगैरे नाही, नुसती कंबरच. आजींकडं बघायचं बंद केलं, आजच. ओढणी मागितली तर बायको म्हणाली नवीन घेऊन द्या मग जुनी देते, म्हणजे योगा महागातच पडणार.

घाट दादा, चालायचं पटलं. पण पहाटे क्लास का चालणं, दोन्हीला वेळ कुठनं आणायचा? आणि माझा अर्धा प्रश्न राहिलाच. तीनला जाग येते त्याचं काय? शरीराचं एकवेळ समजतं, मनाला फायदा होतो म्हणजे नेमकं काय होतं? क्लासात डोळे मिटून बसवतात तेव्हा मला पट्ट्याच दिसतात.

औंधकर

मी माध्यमिक शाळेत पीटीचा शिक्षक होतो, आता ७१ चालू आहे. घाटवाल्या, तुला सोडत नाहीच, पण अर्धं खरं बोललास म्हणून अर्धंच सोडतो.

तुम्हा लोकांना दम लागणारा व्यायाम आणि ताण देणारा व्यायाम वेगळे वेगळे का करावेसे वाटतात? सूर्यनमस्कार घाला की. बारा घाला सावकाश, मग बारा जरा वेगात, बघू कोण कीर्तन करतंय ते. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, १८६८ चा जन्म, १९५१ ला गेले, त्यांनी सबंध संस्थानात शाळाशाळांतून नमस्कार सक्तीचे केले होते. ते स्वतः राजे असून स्वतः घालायचे, लोकांना घाला म्हणून नुसतं फर्मान काढलं असं नाही. १९३८ ला लंडनमध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक छापून आलं, त्यात दहा अंकांचे, म्हणजे दहा स्थितींचे नमस्कार. आज क्लासात बारा शिकवतात त्यावर लोक भांडतात, आम्ही शाळेत दहाच अंकांनी घातले, एक म्हटलं की हात जोडायचे, मास्तर अंक सोडून चालत राहायचे आणि आम्ही चौथ्या अंकात लटकलेलो. आणि सांगलीकर, आटपाडी पण औंध संस्थानातच होती बरं का, म्हणजे ही तुमच्या जिल्ह्याचीही मिळकत आहे. कधी औंधला या, यमाईच्या डोंगरावरचं म्युझियम बघा, पायऱ्या चढताना तुमची परीक्षा पण होईल.

आम्ही त्या वेळी याला योगा म्हणत नव्हतो. योगा तर मुळीच नाही, तो शब्द इंग्रजीतनं फिरून आला, आपला योग. नमस्कार म्हणजे तालमीतल्या जोर बैठकांचा भाऊ. आसनं वेगळी, प्राणायाम वेगळा. आता सगळं एका सतरंजीवर आलंय, येऊ दे, माझं भांडण नाही.

वजनकाटा, तुमच्या वेळेच्या अडचणीबद्दल. पतंजलीनं अभ्यासाला तीन अटी घातल्यात, दीर्घ काळ, खंड न पडता आणि आदरानं. त्यातली मधली सगळ्यात अवघड. माझ्याकडं मुलं यायची, रविवारी शंभर नमस्कार घालायची, सोमवारी जिना चढता यायचा नाही, मंगळवारपासून गायब. मी म्हणायचो रोज पाच घाल, ताप असेल त्या दिवशी नको, बाकी पाहुणे असोत, पाऊस असो, पाच. पाच घालायला चार मिनिटं लागतात, चार मिनिटं नाहीत असं म्हणणारा माणूस खोटं बोलतो. ज्यांनी रोज पाच घातले ते आज साठीला आलेत आणि भेटले की वाकून पाया पडतात, गुडघे न वाकवता. शंभरवाले लांबनंच हात करतात.

तुमच्या कंबरेला मात्र लगेच नमस्कार नको, मिरजेच्या ताई म्हणतात ते आधी दोन महिने करा. मग पुढं वाकताना गुडघे वाकवून सुरू करा. सकाळी पोट रिकामं, जेवल्यावर तीन-चार तास काही नाही, जेवल्यावर चालतं ते एक वज्रासन.

डोळे मिटल्यावर पट्ट्या दिसतात म्हणता, तर दिसू देत. मला अजून वर्गातली दंगा करणारी पोरं दिसतात.

पाणीपातळी (सांगली, गावभाग)

मनाचं विचारलंत म्हणून लिहिते. नाहीतर मी पण नुसती वाचणारीच.

माझं घर गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ४० ला इशारा आणि ४५ ला धोका. आमचा खालचा मजला पूर्ण गेला, आम्ही बोटीतनं निघालो. घर तीन महिन्यांत धुऊन रंगवून झालं, मी झाले नाही. पुढच्या पावसाळ्यात मोबाईलवर पाणीपातळीचा मेसेज आला की छातीत धडधड, हातापायाला घाम, आणि रात्री दर तासाला उठून गॅलरीतनं रस्ता ओला आहे का पाण्यात आहे हे बघायचं. घरचे म्हणायचे मन घट्ट कर. मन काय पिशवी आहे का गाठ मारायला.

आधी हे सांगते की मी मानसोपचार डॉक्टरांकडं गेले, वर्षभर गोळ्या घेतल्या, आणि त्याची मला लाज नाही. योगानं माझं सगळं बरं केलं असं मी म्हणणार नाही. पण डॉक्टरांनीच सांगितलं की गोळीबरोबर श्वासाचं काहीतरी शिका. शेजारच्या मावशींनी शिकवलं, फी म्हणजे रोजचा चहा.

त्यांनी पहिल्या दिवशी डोळे मिटायला लावलंच नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंद काटा बघायला लावला. चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, नाकानंच, ओढून ताणून नाही. म्हणजे मिनिटाला सहा श्वास होतात. आपण एरवी बारा ते वीस घेतो. मग म्हणाल्या आता मनगटावर बोटं ठेव आणि नाडी बघ. दादा, हे आत्ता करून बघा, वाचता वाचता. श्वास घेताना नाडी जरा घाईत पळते आणि सोडताना सावकाश होते. मला ते बोटाखाली कळलं तेव्हा खरं सांगते रडू आलं, कारण वर्षभर हे हृदय माझ्या हातात नाही असंच वाटत होतं. त्याला थेट सावकाश हो म्हणून सांगता येत नाही, पण श्वास लांब सोडला की ते मागनं येतं. श्वास सोडताना मेंदूकडनं हृदयाला येणारी एक नस, व्हेगस म्हणतात तिला, जास्त काम करते, ती हृदयाचा ब्रेक आहे असं डॉक्टरांनी नंतर समजावलं.

मग भ्रामरी. कान बोटांनी बंद करून भुंग्यासारखा आवाज. गुणगुणताना श्वास आपोआपच लांब सुटतो, मोजायला पण लागत नाही. माझी मुलगी आधी हसायची, आता परीक्षेच्या आधी स्वतः करते, दार लावून.

२०२१ च्या जुलैमध्ये पाणी परत आलं. भीती वाटली नाही असं नाही, भीती वाटलीच, हात थरथरत होते. पण त्या थरथरत्या हातांनी मी कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, सिलेंडर वर नेला, सासूबाईंच्या गोळ्या घेतल्या, आणि जिन्यात दोनदा थांबून चार-सहा मोजलं. २०१९ ला मी नुसती दारात उभी होते, सगळं यांनीच केलं होतं. मला योगानं काय दिलं असं कुणी विचारलं तर मी सिलेंडर सांगते, लोक हसतात.

तुमच्या तीनच्या जागेबद्दल. मला पण यायची. मी उठून मोबाईल बघायचं बंद केलं, तिथंच उताणी पडून एक हात पोटावर ठेवून सोडणारा श्वास लांब करते. झोप लागते कधी, कधी लागत नाही. नाही लागली तरी सकाळी मारल्यासारखं वाटत नाही. पट्ट्या दिसतात म्हणता, त्या दिसायच्या थांबत नाहीत, मला अजून पाणी दिसतं. फरक एवढाच की आधी पाण्याच्या मागं मी जायचे, आता बघते आणि परत काट्यावर येते. तुमच्या नावातच काटा आहे दादा, तुम्हाला सोपं जाईल.

भडंग

ताई, हापिसात बसून नाडी धरली, खरंच होतंय की! शेजारच्या टेबलवाल्याला वाटलं मला काहीतरी झालं, पाणी आणून दिलं.

दुखतंय कुठं (मिरज)

पाणीपातळी ताई, तुमचं वाचून दवाखान्यात दोन मिनिटं थांबले. एक भर घालते, कंबरदुखीलाही हे लागू आहे. झोप नीट नसली आणि मनावर ताण असला की तेच दुखणं जास्त दुखतं, त्यामुळे वजनकाटा दादांची पाठ आणि तीनची जाग हे दोन वेगळे पेशंट समजू नका. श्वास मोजताना चक्कर आली किंवा बोटांना मुंग्या आल्या तर जोर जास्त लागतोय, सोडून द्या आणि नेहमीसारखा श्वास घ्या.

वजनकाटा (सांगली)

मंडळी, धागा वर आणतोय. तीन महिने झाले, सांगतो म्हणालो नव्हतो पण सांगायला पाहिजे.

क्लास सोडला (चूर्ण दोन डब्या झाल्यावर). घरीच पहाटे गच्चीवर, ताईंनी सांगितलेली पाच-सहा आसनं, वीस मिनिटं. परवापासून काकांचे नमस्कार, पाच, गुडघे वाकवून. दुकानातनं येताना गाडी लांब लावून चालतो, आठवड्याला चार दिवस होतं, उरलेले तीन दिवस काही ना काही निघतं. मधे भाच्याच्या लग्नात आठ दिवस पूर्ण बंद होतं, खोटं कशाला बोलू, आणि त्याच आठ दिवसांत कंबर परत बोलायला लागली होती.

बीपी परवा १३०/८४. डॉक्टर म्हणाले असंच चालू द्या, परत तीन महिन्यांनी या. मीठ, चालणं, योगा, कशानं उतरलं विचारलं तर म्हणाले तिन्हीतलं एक बंद करून बघायची गरज नाही. वजन एक किलो, ते सोडून द्या. बोटं नडगीच्या मधोमध आलीत. झोप अजून तीनला मोडते पण आठवड्यातनं दोनदा. मागच्या महिन्यात एका व्यापाऱ्याशी वजनावरनं जोरदार वाजलं, मी पण आवाज चढवला, शांत बिंत काही झालो नाही. पण ते भांडण यार्डातच राहिलं, घरी जेवताना नव्हतं. हे बायकोनं सांगितलं, मला कळलंच नव्हतं.

आणि उशी. परवा दुकानातला पोरगा विचारतो, मामा ही उशी मी नेऊ का, दुपारी डुलकीला. मी म्हणलं कुठली उशी. तर कपाटावर होती, धूळ बसलेली. मी कधी काढून ठेवली, आठवत नाही. ते बघून शेठ गादीवरनं हसले आणि म्हणाले या की मग इकडं बसायला. बसलो. उठताना एक हात टेकला, पण एकच.

आता अडचण अशी की पाऊस तोंडावर आला, गच्चीवर जमणार नाही, आणि आमच्या दोन खोल्यांत सतरंजी पसरली की दारच उघडत नाही. काय करता तुम्ही लोक पावसाळ्यात?

औंधकर

पलंग भिंतीला उभा करायचा. आम्ही बावीस वर्षं तेच केलं. आणि गुडघे अजून महिनाभर वाकवूनच, घाई करू नका.

पाणीपातळी (सांगली, गावभाग)

आणि उशी पोराला देऊन टाका.